मॅमोग्राफीला (स्तनांच्या एक्स-रेला) जाताना काय तयारी करायची, आणि नंतर दुखतं का?

अजून पाळी येत असेल तर ती संपल्यानंतरच्या आठवड्यातली तारीख घ्या, तेव्हा छाती कमी दुखरी असते. आंघोळ करून जा पण डिओ, पावडर, क्रीम काहीच नको, त्याचे कण फोटोत पांढरे ठिपके दिसतात आणि उगाच घोळ होतो (मी सवयीने काखेत पावडर मारून गेलेले, मग ओल्या टिश्यूने पुसत बसले!). वनपीस नको, कुर्ता-सलवार बरा, मंगळसूत्र काढावं लागतं. जुन्या फिल्म असतील तर न्या. दोन प्लेटमध्ये चांगलंच दाबतात, दोन्ही बाजूंचे मिळून साधारण 4 फोटो, दर वेळी काही सेकंद, कळ येते पण सोडलं की जाते. नंतर ठणकलं तर सैल ब्रा घाला. रिपोर्टवर बायरॅड्स (निष्कर्ष सांगणारा आकडा) 0 दिसलं की लगेच कॅन्सर आहे असं समजायचं नाही, अजून फोटो किंवा सोनोग्राफी करून बघायला लागेल एवढाच त्याचा अर्थ.