मिरचीतील मर आणि ट्रायकोडर्मा: चूक बहुधा वेळेची असते
वाळवा तालुक्यातील आपल्या मिरचीत लागणीनंतर दोन महिन्यांनी झाडे जागजागी मलूल होऊन वाळत आहेत आणि ठिबकमधून ट्रायकोडर्मा (रोगकारक बुरशीला रोखणारी मित्रबुरशी) सोडूनही ही मर थांबलेली नाही, असे आपण लिहिले आहे. औषध बदलण्यापूर्वी मर कशाची आहे ते पाहावे. नुकत्याच मलूल झालेल्या झाडाचा बुंधा उभा चिरल्यावर आतील नळ्या तपकिरी दिसल्या तर फ्युजारियम बुरशीची शक्यता अधिक असते. मात्र त्याच बुंध्याचा तुकडा स्वच्छ पाण्याच्या ग्लासात धरल्यावर दुधाळ धार निघाली, तर मर जिवाणूजन्य समजावी. बुंधा जमिनीलगत काळा पडून कुजला असल्यास फायटोप्थोरा या बुंधा कुजवणाऱ्या बुरशीसदृश रोगकारकाचा संशय घ्यावा; कृष्णाकाठच्या भारी काळ्या रानात पाणी साचले की तो हमखास येतो.

फ्युजारियम मुळांतून शिरून पाणी वाहून नेणाऱ्या नळ्याच बंद करतो, त्यामुळे मलूल झालेले झाड ट्रायकोडर्माने पुन्हा उभे राहत नाही. ट्रायकोडर्मा ही राखणदार बुरशी आहे. ती मुळांभोवतीची जागा आधी व्यापते, रोगकारक बुरशीच्या तंतूंना विळखा घालते आणि विकरांच्या साहाय्याने त्यांची भित्तिका विरघळवते. म्हणूनच तिचा खरा उपयोग लागणीपूर्वी होतो: एक किलो ट्रायकोडर्मा 100 किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून, सावलीत गोणपाटाखाली ओल राखून 10 ते 15 दिवस वाढू द्यावा आणि मग बेडमध्ये मिसळावा, शिवाय रोपांची मुळे लिटरला 10 ग्रॅमच्या द्रावणात अर्धा तास बुडवावीत. पुड्यावर ग्रॅममागे किमान 20 लाख जिवंत घटकांची नोंद आणि मुदत आहे ना, तेही पाहावे. उन्हात ठेवलेला पुडा म्हणजे नुसती शंखजिऱ्याची भुकटी.

मी स्वतः एका हंगामात कार्बेन्डाझिमच्या आळवणीनंतर (म्हणजे द्रावण झाडांच्या मुळाशी ओतल्यावर) चौथ्याच दिवशी ट्रायकोडर्मा सोडला आणि दोन्हींचे पैसे गमावले, कारण ते बुरशीनाशक या मित्रबुरशीलाही मारते. आपणही एकत्र वापर केला असेल, तर किमान 15 दिवसांचे अंतर ठेवावे.

आता वाळलेली झाडे मुळासकट काढून रानाबाहेर जाळावीत, पाणी वाफसा राखण्यापुरतेच द्यावे आणि ट्रायकोडर्माची आळवणी शेजारच्या निरोगी झाडांनाच करावी. फ्युजारियमचे सुप्त बीजाणू मातीत अनेक वर्षे टिकतात, तेव्हा या रानात पुढची काही वर्षे वांगी, टोमॅटो किंवा पुन्हा मिरची न घेता ज्वारी अथवा मका घ्यावा.