रंगाभोवतीचं तेलकट वलय

प्रश्न : ताई, अस्तर न देता कोऱ्या कॅनव्हासवर टर्पेंटाइननं पातळ केलेला तैलरंग ओतला. डागाभोवती पिवळट, तेलकट वलय उमटलं. माझं काय चुकलं?

उत्तर : काहीच नाही. कोरं कापड तेल पितं आणि ते रंगाच्याही पुढे पसरतं. अमेरिकन चित्रकार हेलन फ्रँकेंथेलरच्या ‘माउंटन्स अँड सी’ या चित्रामध्येही अशी वलयं आहेत, आणि मला ती फार आवडतात. कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाहून परतल्यावर, ऑक्टोबर १९५२मध्ये, अवघ्या तेविसाव्या वर्षी तिनं न्यूयॉर्कच्या स्टुडिओत सुमारे सात बाय दहा फुटांचं कापड जमिनीवर अंथरलं, कोळशानं थोड्या रेघा ओढल्या आणि पातळ रंग ओतला. रंग कापडावर बसला नाही, आत मुरला. पुढच्या वर्षी मॉरिस लुईस आणि केनेथ नोलंड हे चित्रकार ते चित्र पाहून गेले आणि त्यांची रंगवण्याची रीतच बदलली.

मात्र तेलानं उघडं कापड हळूहळू ठिसूळ होतं. तिनंही १९६०च्या दशकात ॲक्रिलिक, म्हणजे पाण्यात कालवायचा रंग, जवळ केला. तुम्ही आधी मांजरपाटाच्या तुकड्यावर भरपूर पाणी घातलेलं ॲक्रिलिक ओतून बघा. मी कापड आधी ओलं करून घेते. कडा मऊ येते.