रोज पन्नास शब्द पाठ, तरी ऐन वेळी काहीच का आठवत नाही?

"शब्द पाठ होतात, दोन दिवसांत उडून जातात. आम्ही मराठी माध्यमाचे, आमचं डोकं इंग्रजीसाठी नाहीच का?" जळगावात खोली करून स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलामुलींकडून हा प्रश्न मला सतत ऐकू येतो. चोपडा, यावल, पारोळा, अमळनेर, कुठूनही आलेली असोत, शब्द तेच असतात आणि विचारताना मान खाली असते. म्हणून एका मुलीची गोष्ट इथे सविस्तर लिहिते. तिची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती बी.एस्सी. झालेली, तापी काठच्या गावातली, घरची केळीची शेती. स्टाफ सिलेक्शनच्या पदवीधर परीक्षेची तयारी चालू होती. पहिल्या टप्प्यातल्या 100 प्रश्नांपैकी 25 इंग्रजीचे असतात, आणि त्यात समानार्थी, विरुद्धार्थी, वाक्प्रचार, अनेक शब्दांबद्दल एक शब्द असं बरंच काही शब्दसंग्रहावर बेतलेलं असतं. गणितात तिला अडचण नव्हती. इंग्रजीत मात्र चुकीच्या उत्तराचे गुण वजा होत होते, आणि ती हळूहळू पेपर सोडवायलाच घाबरू लागली होती. तिला घेऊन आलेली आई एवढंच म्हणाली, "ताई, मनी पोर रातभर वाचस, सकायले समदं इसरी जास. अखाजीले बी घर उनी नही."

अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, खान्देशातली पोर घरी आली नाही म्हणजे गोष्ट साधी नाही. मी आधी झोपेचं विचारलं. रात्री दोनपर्यंत जागरण, पहाटे पुन्हा वही. जेवण कधीतरी. दिवसा वाचलेलं मेंदू झोपेत पक्कं करत असतो. तीच झोप कापून ती पाठांतराला वेळ काढत होती.

मग वही मागितली. शंभर पानी, मोत्यासारखं अक्षर. उजवीकडे मराठी अर्थ, डावीकडे इंग्रजी शब्द, खाली देवनागरीत उच्चार. एकाच पानावर वर 'अबेट' म्हणजे कमी होणे, आणि दोन ओळी सोडून खाली पुन्हा 'अबेट' म्हणजे गुन्ह्याला साथ देणे. इंग्रजी स्पेलिंग वेगळी, स्वरही थोडा वेगळा, पण देवनागरीत दोन्ही हुबेहूब सारखे. त्याच पानावर 'अ‍ॅबस्टेन' आणि 'अ‍ॅबस्कॉन्ड'. मी विचारलं, "अ‍ॅबस्टेन म्हणजे?" ती लगेच म्हणाली, "फरार होणे." फरार होणे हा अ‍ॅबस्कॉन्डचा अर्थ. अ‍ॅबस्टेन म्हणजे एखाद्या गोष्टीपासून स्वतःला दूर ठेवणे. दोन्ही अर्थ तिला येत होते, फक्त जोड्या उलटसुलट झाल्या होत्या.

पुढचं पान समानार्थी शब्दांचं. टॅसिटर्न, रेटिसंट, लॅकॉनिक, सगळ्यांपुढे 'अबोल'. शेजारीच विरुद्धार्थी म्हणून गॅर्युलस आणि लोक्वेशस, म्हणजे बडबडे. परीक्षेत अबोल कोण आणि बडबड्या कोण, इथेच तिची गाडी अडायची.

माझं स्पष्ट मत आहे: दोष या मुलीच्या बुद्धीत नव्हता, त्या याद्यांच्या मांडणीत होता. सारखे दिसणारे किंवा सारख्या अर्थाचे नवे शब्द एकत्र शिकले की ते एकमेकांच्या पायात येतात. थॉमस टिंकहॅम यांनी 1993 मध्ये हे प्रयोगातून दाखवलं. एका गटातले, जवळच्या अर्थाचे शब्द शिकायला लोकांना एकमेकांशी संबंध नसलेल्या शब्दांपेक्षा जास्त कष्ट पडले. तरीही बाजारातल्या बहुतेक याद्या वर्णानुक्रमे किंवा समानार्थी गटांतच मिळतात. याचं मला खरोखर वाईट वाटतं, कारण त्याचा भुर्दंड मुलं 'मी मंद आहे' असं समजून भरतात.

विसरण्याचंही तसंच. हर्मन एबिंगहाऊस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरगट स्वतः पाठ करून किती उरतं ते मोजलं आणि 1885 मध्ये प्रसिद्ध केलं. तासाभरातच निम्म्याहून जास्त निसटलेलं होतं. जर्मन माणूस, जर्मन माध्यम, तरीही.

हे सांगितल्यावर ती जरा सैलावली. मग मी विचारलं, "अखाजीची गाणी किती येतात तुला?" ती हसली. झोक्यावरची, गौराईची, कितीतरी. वहीत एकही लिहिलेलं नाही. लहानपणापासून थोड्या थोड्या अंतराने ऐकलेली, आणि स्वतः तोंडाने म्हटलेली. घरी अहिराणी, कॉलेजात मराठी, बाजारात हिंदी बोलणाऱ्या मुलीचं डोकं भाषेसाठी नाही, हे मी मान्यच करणार नव्हते.

त्याच रीतीने आम्ही अभ्यास बदलला. दिवसाला आठ-दहाच नवे शब्द, तेही आधीच्या प्रश्नपत्रिकांतून आणि इंग्रजी अग्रलेखातून. सारखे दिसणारे दोन शब्द एका आठवड्यात घ्यायचे नाहीत. मिठाईच्या खोक्यात पुठ्ठ्याचे आडवे तुकडे लावून कप्पे केले. चिठ्ठीच्या एका बाजूला इंग्रजी शब्द, दुसऱ्या बाजूला अर्थ. आठवला की चिठ्ठी पुढच्या कप्प्यात, म्हणजे ती आणखी उशिरा बघायची. चुकला की परत पहिल्या कप्प्यात. ही पद्धत सेबास्टियन लाइटनर यांनी 1972 मध्ये मांडली, आजची बरीच मोबाइल ॲप त्याच तत्त्वावर चालतात. महत्त्वाचं म्हणजे चिठ्ठी उलटण्याआधी अर्थ मनात आणायचा, आला नाही तरी क्षणभर झगडायचं. नुसतं पुन्हा पुन्हा वाचलं की शब्द ओळखीचे वाटतात आणि येतात असा भ्रम होतो.

आणि प्रत्येक शब्दाचं एक वाक्य, स्वतःच्या घरातलं. 'प्लमेट' म्हणजे एकदम कोसळणे, तिथे तिने रावेरच्या केळीचा भाव लिहिला. तो शब्द नंतर तिला कधी विचारावाच लागला नाही.

लॅटिन मुळांचाही थोडा उपयोग झाला. 'बेने' म्हणजे चांगलं, 'माले' म्हणजे वाईट, यातून बेनेव्होलंट आणि मालेव्होलंट दोन्ही उलगडतात. पण मुळांच्या याद्याही पाठ करायला बसू नये, नाहीतर पुन्हा तेच चक्र.

पहिले काही आठवडे तिला वाटत राहिलं की आपण फार कमी शब्द करतोय, शेजारची मुलगी शंभर करते. अस्वस्थता लगेच गेली नाही, झोप मात्र आधी सुधारली. सराव परीक्षेत ती आता शंका असलेला प्रश्न सोडून द्यायला शिकली आहे.

वडील मध्यंतरी एकदा आले. इंग्रजीसाठी पुण्याच्या क्लासला घालू का, असं विचारत होते. त्यासाठी केळीच्या पैशातून उचल घ्यायची तयारी होती. मी म्हटलं, "दादा, शब्दांसाठी नका घालू. हे काम तिच्या खोलीतच होतं. ते पैसे तिच्या मेसला आणि महिन्यातून एकदा गावी यायच्या भाड्याला ठेवा."