वाचकांचे प्रश्न : शेअर बाजाराच्या कारभारातले बदल आणि सेबीची मंजुरी

प्रश्न : माझ्याकडे बीएसईचे थोडे शेअर आहेत. इतर कंपन्यांत स्वतंत्र संचालकांच्या नेमणुकीवर आम्ही मत देतो. इथे ‘जनहित संचालक’ (जनतेचे हित पाहणारे स्वतंत्र संचालक) परस्पर नेमले जातात. भागधारकांना डावललेच ना हे? (सांगली)

डावललेच आहे, आणि तेही जाणूनबुजून. बाजार ही नफ्यासाठी चालणारी कंपनी असते, आणि ब्रोकरांवर व लिस्टेड कंपन्यांवर देखरेख ठेवण्याचे कामही तिच्याकडेच असते. ही देखरेख भागधारकांच्या मर्जीवर राहू नये म्हणून सेबी या बाजार नियामकाच्या २०१८ च्या एसईसीसी (शेअर बाजार व क्लिअरिंग कॉर्पोरेशन यांच्यासाठीच्या) नियमावलीने जनहित संचालकांची नेमणूक मतदानाबाहेर ठेवली. संचालक मंडळ नावे सुचवते, नेमणूक सेबी करते. मुदत ३ वर्षांची. कामगिरी पाहून आणखी ३ वर्षे वाढू शकते. अध्यक्षही याच संचालकांमधून निवडायचा आणि त्यालाही सेबीची पूर्वमंजुरी लागते. ब्रोकर किंवा त्यांचे सहयोगी मंडळावर बसू शकत नाहीत.

मंडळात जनहित संचालकांची संख्या बिगर-स्वतंत्र संचालकांपेक्षा (व्यवस्थापकीय संचालक, भागधारकांचे प्रतिनिधी वगैरे) कमी असून चालत नाही, हे बहुतेकांना ठाऊक असते. मतदानाचा नियम मात्र विसरला जातो. ठरावावर जितक्या बिगर-स्वतंत्र संचालकांनी मत दिले, किमान तितक्या जनहित संचालकांनी मत दिलेले असावे लागते. समजा मंडळावर ५ जनहित आणि ४ बिगर-स्वतंत्र संचालक आहेत. बैठकीला जनहित दोघेच आले, बाकीचे चौघे हजर होते आणि सहाही जण ठरावाच्या बाजूने होते. तरी तो ठराव वैध नाही. म्हणून बैठकीची तारीख ठरवताना आधी जनहित संचालकांच्या वेळा विचाराव्यात.

प्रश्न : बाजाराला स्वतःचे नियम बदलायचे असतील तर क्रम कसा असतो? (कायद्याची विद्यार्थिनी, पुणे)

आधी बदल कुठल्या कागदात करायचा आहे ते पाहावे. निम्मा गोंधळ इथेच होतो.

मंडळाची रचना, त्याचे अधिकार, सदस्यांना प्रवेश, या गोष्टी ‘नियम’ या सदरात येतात. १९५६ च्या रोखे करार (नियमन) कायद्याच्या कलम ४(५) नुसार ते मंजुरीशिवाय बदलता येत नाहीत. व्यवहारात ही मंजुरी सेबीकडून घ्यावी लागते. सौदे, मार्जिन (सौद्यासाठीची अनामत), सेटलमेंट (पैसे व शेअरची देवघेव), लवाद यांसारखे विषय उपविधींमध्ये (बाय-लॉज) येतात, त्यांना कलम ९ लागू. तिथे सेबीची पूर्वमंजुरी हवी, शिवाय मसुदा आधी प्रसिद्ध करून हरकती मागवाव्या लागतात. व्यापाराच्या किंवा जनतेच्या हितासाठी ही पूर्वप्रसिद्धीची अट सेबी माफ करू शकते. मंजुरीनंतर उपविधी भारताच्या राजपत्रात आणि मुख्य कार्यालय ज्या राज्यात आहे त्या राज्याच्या राजपत्रात छापले जातात. बीएसई आणि एनएसई या दोघांच्या बाबतीत ते महाराष्ट्राचे. लागू होण्याची तारीख मात्र भारताच्या राजपत्रातील प्रसिद्धीची. मंजुरीचे पत्र हाती आले त्या दिवसापासून अंमल धरणे चूक आहे.

आर्टिकल्स ऑफ असोसिएशन (कंपनीची अंतर्गत नियमावली) बदलायचे असतील तर कंपनी कायद्याप्रमाणे भागधारकांचा विशेष ठरावही लागतो, म्हणजे विरोधी मतांच्या किमान तिप्पट मते बाजूने हवीत. भागधारकांनी ठराव केला आणि नंतर सेबीने शब्दरचना बदलायला सांगितली, तर पुन्हा सभेची नोटीस, पुन्हा २१ दिवस. त्यापेक्षा आधी सेबीकडे जाणे शहाणपणाचे. ते जमत नसेल तर ठरावातच ‘सेबीच्या मंजुरीच्या अधीन’ असे लिहावे आणि सेबीने सुचवलेले बदल स्वीकारण्याचा अधिकार संचालक मंडळाला द्यावा.

प्रश्न : आम्ही चौघे भाऊ एका लिस्टेड बाजाराचे शेअर ठरवून, एकत्रितपणे घेतो. प्रत्येकाचा वाटा १ टक्क्याच्या आत आहे. तरी कळवायचे का? (नाशिक)

संगनमताने घेतलेले शेअर एकत्रच मोजले जातात. चौघांची बेरीज २ टक्क्यांच्या वर गेली की त्या खरेदीपासून १५ दिवसांत सेबीची मान्यता मागावी लागते. मान्यता नाकारली तर जादा हिस्सा ताबडतोब विकावा लागेल. ५ टक्के ही तुमच्यासारख्यांची कमाल मर्यादा. बँका, विमा कंपन्या, डिपॉझिटरी (शेअर इलेक्ट्रॉनिक रूपात सांभाळणाऱ्या संस्था) यांसारख्या संस्थांना १५ टक्क्यांपर्यंत जाता येते, पण ५ च्या वर जाण्याआधी परवानगी घेऊन. चौघांपैकी कोणी ब्रोकर असेल तर आणखी एक गोष्ट : बाजाराचे किमान ५१ टक्के भांडवल ‘जनतेकडे’ हवे, आणि ब्रोकर व त्यांचे सहयोगी त्या जनतेत धरले जात नाहीत.

प्रश्न : बाजाराच्या एमडींना (व्यवस्थापकीय संचालकांना) ईसॉप, म्हणजे कर्मचाऱ्यांसाठीचे शेअर-पर्याय, देता येतात का? (ठाणे)

नाही. चल (कामगिरीवर अवलंबून असलेले) वेतनही एकूण वेतनाच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नको, आणि त्यातला निम्मा भाग ३ वर्षांनीच हाती पडतो.

प्रश्न : मंडळावर ब्रोकर नाहीत, मग आमचे ऐकतो कोण? (सब-ब्रोकर म्हणून अनेक वर्षे काम केलेले वाचक, मुंबई)

पूर्वी बीएसईच्या मंडळावर ब्रोकर होते. मार्च २००१ च्या पडझडीनंतर सेबीने त्यांना मंडळावरून हटवले. मग २००४ ची रोखे करार कायद्यातली दुरुस्ती आली आणि २००५ मध्ये ब्रोकरांच्या संघटनेची कंपनी झाली. मालकी आणि सौदे करण्याचा हक्क तेव्हापासून वेगळे झाले. हा बदल योग्यच होता असे आमचे मत आहे. ज्यांच्यावर कारवाई करायची तेच खुर्चीत बसले तर देखरेख नावापुरती उरते.

तुमच्यासाठी सल्लागार समिती आहे. तिच्यात ट्रेडिंग मेंबर (बाजारात सौदे करण्याचा हक्क असलेले ब्रोकर) असतात, अध्यक्षस्थानी बाजाराच्या मंडळाचे अध्यक्ष आणि वर्षातून किमान ४ बैठका. शुल्क, तंत्रज्ञान, नव्या प्रॉडक्टची रचना हे तिचे विषय. शिस्तभंगाचे प्रकरण तिथे नेऊ नका, ते तिच्या कक्षेत येत नाही. शुल्काबद्दल तक्रार असेल तर तुमच्या मेंबरमार्फत आकडेवारीसह लेखी टिपण द्या आणि ते बैठकीच्या विषयपत्रिकेवर घ्यायला सांगा.