तंटामुक्ती समितीत नव्यानं आलेल्या भावाला

भाऊ, समितीत आलास, फार बरं झालं. निकालाची घाई करू नको, आधी ऐकायला शीक. धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, भांडणात आपला नांगर सरकला तर ट्रॅक्टरवाल्याची चूक, शेजाऱ्याचा सरकला तर त्याची नियतच खोटी! दुसऱ्याची परिस्थिती सोडून स्वभावालाच दोष देण्याच्या या सवयीला मानसशास्त्रज्ञ ली रॉस यांनी 1977 मध्ये 'मूलभूत' चूक म्हटलं.

- "मुद्दाम", "नेहमीच", "सुरुवात त्यानंच केली" असं कानावर आलं की विचार: तुम्ही डोळ्यानं काय पाहिलं?
- जो आधी घरी येऊन सांगतो, त्याचंच खरं वाटतं. नवे इथंच फसतात. दुसऱ्याच्या ओसरीवरही जा.

मोजणी, नकाशे पुढं शिकशील. तुला जमेल.