खोडून पुन्हा लिहिलेली ओळ

ताई, नमस्कार.

पत्र तुम्ही सांगितलंत आणि मुलानं लिहून काढलं, हे अक्षरावरूनच कळलं. तुम्ही पुण्याच्या जनता वसाहतीत राहता, सहकारनगरात चार घरी पोळ्या करता. मुलाचे वडील रंगकाम करायचे, परांचीवरून पडल्यापासून घरीच आहेत. मुलगा सोळा वर्षांचा, दहावीला 61 टक्के. त्याचा मामा म्हणतो, माझी गाडी घे आणि माझ्याच आयडीवर डिलिव्हरी कर. शिक्षण सोडून त्यानं तेच करावं का, असं तुम्ही विचारताय. शेवटी एक ओळ आधी खोडून पुन्हा लिहिली आहे : ‘मुलाला शिक्षणाची आवड नाही.’

ती ओळ मला पटलेली नाही. दोन ओळी वर तुम्हीच सांगताय की, तुमच्या कामाच्या घरचे बंद पडलेले मिक्सर तो उघडून नीट करून देतो. घरात ओढाताण असली की पोरं ‘परवडत नाही’ असं म्हणत नाहीत, ‘आवड नाही’ म्हणतात. त्यानं आईला बोचत नाही. (आम्ही करिअर मार्गदर्शकही त्याला फसतो, कलचाचणीचा कागद हातात धरून.)

मामांचा हेतू चांगला असेल. पण 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलानं गाडी चालवताना गुन्हा घडला तर गाडीच्या मालकाला 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही. म्हणजे ज्या कामासाठी शिक्षण सोडायचं, तेच काम नऊ वर्षं बंद!

मला विचाराल तर औंधच्या सरकारी आयटीआयचा फॉर्म भरा. पहिली पसंती इलेक्ट्रिशियन. त्याची यादी वरच्या टक्क्यांवर बंद होते, म्हणून खाली वायरमनही टाका. दोन्ही कोर्स दोन वर्षांचे. नंतर अप्रेंटिसशिपला विद्यावेतन मिळतं, भोसरी-चाकणला कारखाने आहेत, आणि पुढे शिकावंसं वाटलं तर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. डिलिव्हरीत दहा वर्षांनीही तो आजच्याच पायरीवर असेल.

मधली दोन वर्षं घर कसं चालवायचं, याचं पुरतं उत्तर माझ्याकडे नाही. पण वडिलांची इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याण मंडळाकडे नोंदणी आहे का, ते आधी बघा. रंगारीही त्यात येतात. नोंदणी चालू असेल, तर दहावीला पन्नास टक्क्यांवर गुण मिळवलेल्या मुलाला 10,000 रुपयांची मदत मिळते. नूतनीकरण राहिलं असेल, तर ज्या ठेकेदाराकडे ते कामाला होते त्याच्याकडून नव्वद दिवस काम केल्याचा दाखला मागा. टाळाटाळ करेल, तरी मागा. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला याच आठवड्यात काढा. फीची सवलत त्याच एका कागदासाठी अडून राहते.

आणखी एक. ते मिक्सर तो फुकट दुरुस्त करतो ना? यापुढे पैसे घ्यायला सांगा. बायका कुरकुरतील, पण देतील. दुकानदार किती घेतो, ते त्यांना ठाऊक आहे.

पुढचं पत्र मात्र त्याला स्वतःच्या नावानं लिहू द्या.