सरकतं दार शेवटी अडतं आणि आदळतंही : डँपर बदलायच्या आधी

कपाटाचं सॉफ्ट क्लोज दार कधी दोन बोटं अलीकडेच थांबतं, कधी धाडकन आदळतं आणि कारागीर म्हणतो डँपर गेला, असं तुम्ही लिहिलंय. एकाच दाराच्या या दोन्ही तक्रारी असतील, तर नवा डँपर घ्यायची घाई करू नका.

डँपर म्हणजे बंद होताना दाराचा वेग आवरणारी लांबट डबी. तिच्यात दोन गोष्टी असतात : एक स्प्रिंग आणि बहुधा तेल भरलेला छोटा सिलिंडर. दार कडेजवळ आलं की डबीतला हुक ट्रॅकमधल्या खुंटीला धरतो. मग स्प्रिंग दाराला आत ओढते आणि सिलिंडर त्याचा वेग आवरतो. दार उघडताना तीच स्प्रिंग परत ताणली जाते, म्हणून सुरुवातीला जरा जोर लागतो. तो दोष नव्हे.

या स्प्रिंगची ताकद बेताची असते. चाकांत केस आणि धूळ गुंतली, दाराला रेषेत ठेवणारा खालचा गाईड घासायला लागला, की ती हरते आणि दार अलीकडेच थांबतं. म्हणून आधी खुंटी काढून ठेवा आणि दार एका बोटाने या टोकापासून त्या टोकापर्यंत ढकलून बघा. कुठे जड लागलं, तर दुखणं तिथे आहे. ट्रॅक कोरड्या फडक्याने पुसा. तेल मात्र सोडू नका, त्यावर धूळ चिकटते आणि महिन्याभरात दार आधीपेक्षा जड होतं.

आदळण्याचं कारण बहुतेक वेळा वेगळंच निघतं. हुक आधीच सुटून बसलेला असतो, त्यामुळे खुंटी आली तरी तो धरत नाही. दार सावकाश शेवटपर्यंत दाबा. बऱ्याच यंत्रणांमध्ये हुक खुंटीवरून घसरून पलीकडे बसतो. मग दार उघडलं की स्प्रिंग परत ताणली जाते. तरीही हुक निसटत असेल, तर खुंटीचा स्क्रू ढिला झालाय का आणि चाकांच्या उंचीचा स्क्रू फिरून दार खाली उतरलंय का, ते तपासा. दोन-तीन मिलिमीटरचा फरकही पुरतो.

आणि एक विचारायचंच आहे : दाराला नंतर आरसा लावलाय का? काचेचं वजन दर चौरस मीटरला, जाडीच्या प्रत्येक मिलिमीटरमागे अडीच किलो. २ मीटर उंच, ७५ सेंटिमीटर रुंद, ५ मिलिमीटरचा आरसा म्हणजे जवळजवळ १९ किलो. १८ मिलिमीटरच्या पार्टिकल बोर्डाचं तेवढंच दारही साधारण तितक्याच वजनाचं असतं. म्हणजे डँपरवर दुप्पट भार आला. त्यात दार दुप्पट वेगाने लोटलं, तर थोपवायची ऊर्जा चौपट होते. अशा वेळी त्याच मापाचा नवा डँपरही टिकणार नाही.

डँपर खरंच गेला असेल तर तसं दिसतं : डबीवर तेलाचा ओशटपणा येतो, किंवा हुक नीट धरूनही दार न आवरता आत जातं. मग बदलाच, पण दाराचं पूर्ण वजन डँपरवर लिहिलेल्या मर्यादेत बसतंय ना ते बघून. गरजेपेक्षा जड दारासाठीचा डँपर घेणंही चूक, कारण हलकं दार मग उघडताना हाताला ओढ देतं. तीन दारांच्या कपाटात मधल्या दाराला दोन्ही बाजूंनी डँपर लागतो. भिंतीच्या आत शिरणारं दार असेल, तर डँपरपर्यंत हात पोचेल अशी काढता येणारी पट्टी ठेवायला आधीच सांगा, नाहीतर एका हुकासाठी भिंत फोडावी लागते.